मोठ्या वयनीनं बसवलेलं सोंग

मोठ्या वयनीची शोकसभा मागच्या पंधरवड्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात झाली. मी गेलो आणि अर्ध्यातून उठून आलो.

स्टेजच्या मागे तिचा दाराएवढा फोटो लावला होता. कॉम्प्युटरवाल्यानं तिला गोरी करून टाकली होती. वयनी काळी होती, तव्यासारखी काळी, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाची त्यागमूर्ती माता’. तिचा थोरला पोरगा माईकवर रडत होता आणि मधला त्याचं रडणं मोबाइलमध्ये भरून घेत होता. थोरल्याचा पोरगा औंदा पंचायतीला उभा आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिच्या घरात वयनीनं शेवटची वर्षं काढली आणि जिच्या हातून शेवटचं पाणी घेतलं, त्या धाकट्या सुनेला, वंदनाला, सभेचा निरोपही नव्हता.

मला किळस आली. उठलो तर दारात त्या उमेदवारानं धरलं.

“आजोबा, कुठं चालले? तुमचा नंबर बाकी हाये. तुमच्यासाठी दोन शब्द लिहून ठेवले, तुमी फक्त वाचा.”

कागद पाहिला. पहिलंच वाक्य, ‘शेवंताबाई म्हणजे मायेचा सागर.’

“ह्या सागरात तूच पोहून घे,” म्हटलं आणि कागद त्याच्या खिशात कोंबून घरी आलो.

तेव्हा माझे शब्द मी घरी बसून माझे मीच लिहितो आहे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, शुद्धलेखन कोणी विचारू नये. पण खोटं काय असतं ते मला चांगलं कळतं, कारण या बाईच्या घरात एकदा मीच ते केलेलं आहे.

शेवंताबाई तिचं नाव. तिचा नवरा वामनदादा आणि मी, आमच्या वावरांचा धुरा, म्हणजे बांध, एक, म्हणून ती माझी वयनी. पुढं वामनदादा अचानक गेला, तीन पोरं आणि सगळं घर तिच्या हातात आलं, तेव्हापासून ती गावाचीच मोठी वयनी झाली. माहेर वणीकडचं, बाप कोळशाच्या खाणीत. सातवी पास होऊन आली होती. तेव्हा आमच्या गावात सातवी पास बाई म्हणजे नवलच. पोस्टमन गावातली सगळी पत्रं तिच्या ओसरीत टाकून पुढच्या गावाला निघून जायचा, वाचून दाखवायचं काम तिचं.

तिचा स्वभाव गोड नव्हता. हे आधी सांगतो, कारण सभेत चौघांनी ती साखरेसारखी होती असं सांगितलं. तिचा एक शब्द होता, घाण. भाकर जाड झाली, घाण. पोराचं अक्षर वाकडं आलं, घाण. ढोलकीवाला मात्रा चुकला, घाण. गोठ्यात शेणात हात घालताना मात्र तो शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. दुसरी खोड अशी, की कोणी बेसूर गायलं तर लोक कानावर हात ठेवतात, ही नाकाला पदर लावायची. खरंच वास आल्यासारखी. भजनाला ती बसली असली म्हणजे गाणाऱ्याचं लक्ष देवाकडं नसायचं, वयनीच्या पदराकडं असायचं.

तिला पोरगी झाली नाही, म्हणून तिनं सुना शिकवल्या. आमच्या गावात बौद्धांच्या पोरी आधीपासून शाळेत जायच्या. त्यांनी धर्म घेतला तेव्हाच पोरं शिकवायचं पक्कं केलं होतं. वयनी पाटलाच्या ओट्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणायची, “त्यायच्या पोरी दप्तर घेऊन जाऊन राह्यल्या अन् आपल्या सुना पदर घेऊन. पाहू आता कोन पुढं जाते.” ओट्यावरचे लोक तंबाखू मळत दुसरीकडं पाहायचे. मीही त्यांच्यात असायचो.

थोरली सून नववी होऊन आली होती. वयनीनं तिला दहावीला बसवली आणि ती गणितात चार वेळा नापास झाली. चारही वेळा निकाल लागला त्याच दिवशी वयनीनं पुढचा फॉर्म भरला. चौथ्या वेळी सून चुलीपुढं बसून रडू लागली. माझ्या समोरची गोष्ट.

“आत्याबाई, पाया पडतो तुमच्या. मले दिवसभर येचाले पाठवा, मनभर कापूस आनतो, पन गनिताले नका पाठवू.”

“कापूस तर तू आनशीनच,” वयनी म्हणाली. “पन काट्यावर तो किती भरला हे कोन पाह्यीन? तुया नवरा? त्याले घड्याळ तरी कळते का?”

नवरा तिथंच दातात काडी घालून बसला होता. घड्याळ त्याला खरंच नीट कळत नसे.

परीक्षेच्या दिवसांत तिन्ही पोरांनी स्वयंपाक करायचा, असा नियम तिनं घातला. थोरल्यानं थापलेल्या भाकरी म्हणजे नकाशे असायचे. गावातले गडी मुद्दाम चुलीपाशी डोकावून जायचे. एकदा मीच म्हटलं, “काय वयनी, गड्यांच्या हातात परात दिली?”

“भाऊजी,” ती म्हणाली, “दंडारीत लुगडं नेसता तवा नाई लाजत. चुलीपाशी कायले लाजता?”

सून पाचव्या वेळी पास झाली. गणितात छत्तीस. वयनीनं कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “बरं हाये. घाण नाई.” ती सून आता स्वतः सासू झाली आहे. अजून सांगते की जन्मात एवढी शाबासकी मिळाली नाही.

लुगड्याचा टोमणा मला कशासाठी, ते सांगतो. दिवाळीला आमच्या गावात दंडार व्हायची, रात्रभर गाणं-नाचाचं सोंगांचं नाटक. आता तिथं डीजे लावून दारू पिऊन नाचतात, त्याला आजकाल संस्कृती म्हणतात. दंडारीत बायकांची सोंगं गडीच घेतात आणि मी राणी व्हायचो. त्या महिन्यात मिशी उतरवायचो. हे मी लाजून सांगत नाही. आजूबाजूच्या गावांत माझ्यासारखी राणी नव्हती. पण ती राणी घडवली वयनीनं, हे मी तिच्या हयातीत कोणाजवळ कबूल केलं नाही.

बायका तालमीला येत नसत. वयनी गोठ्याच्या भिंतीपलीकडं बसून ऐकायची. एकदा तालमीत राणीचा कुमार मरतो तो प्रसंग आला. मी छाती पिटून असा हंबरडा फोडला की गोठ्यातली बैलं उठून उभी राहिली. मंडळी खूश. तेवढ्यात वयनी सरळ आत आली, नाकाला पदर लावून.

“भाऊजी, रडतानी बाई पाह्यली का कधी?”

“घरोघरी रडून राह्यल्या, पाह्याची काय?” मी म्हणालो.

“तुमी ओरडतानी पाह्यल्या. मोठं दुख आलं ना, तं बाई ओरडत नाई. आधी इकडं तिकडं पाह्यते, लेकरं जेवले का नाई ते. मंग भिंतीले टेकते. मंग डावा हात भुईवर ठेवते, भुई हालून राह्यल्यावानी. अन् तोंड उघडते. नुसतं उघडते. आवाज उशिरा येते.”

तिनं करून दाखवलं नाही. फक्त सांगितलं आणि गेली. मला राग आला, बाईनं चार गड्यांत शिकवलं म्हणून. पण दिवाळीला मी तसंच केलं. डावा हात भुईवर ठेवला, तोंड उघडलं आणि आवाज आतच धरून ठेवला. समोर दोन-तीनशे माणूस, कोणी खोकललं नाही. मग बायांच्या बाजूनं आधी हुंदका आला, माझा नंतर. बोरी अरबच्या बाजारात पुढं कित्येक वर्षं लोक मला ‘राणी’ म्हणून हाक मारायचे.

हे तिनं कुठं पाहिलं ते मला फार उशिरा तिच्या भावानं सांगितलं. खाणीतून बापाचं प्रेत घरी आणलं तेव्हा तिची आई तशी बसली होती. वयनी तेव्हा सहावीत होती.

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. बोंडं फुटायच्या आधी झाडं लाल पडायची. कोणत्या गावात काय झालं ते मी सांगत बसत नाही, पेपरवाल्यांनी ते सांगून सांगून चोथा केला आहे. ज्यांच्या घरात घडलं त्यांचं दुःख खरं होतं. किळस मला आली ती गाड्यांची. पांढऱ्या गाड्या धूळ उडवत यायच्या आणि खाली उतरलेला माणूस गोऱ्हा विकत घ्यायला आल्यासारखा विचारायचा, “या गावात कोणी आहे का?” म्हणजे विधवा आहे का. असली तर तिला ओसरीत बसवायची, पदर नीट घ्यायला सांगायचं, पुन्हा रडायला सांगायचं, कारण पहिल्या रडण्याच्या वेळी फोटोवाला चहा पीत होता. शेजारच्या गावातल्या एका बाईला तर इतक्या स्टेजवर नेऊन बसवली, की तिला शिलाई मशीन मिळालं तरी शिलाई शिकायला सवड मिळेना.

आमच्या गावात तसं कोणी नव्हतं. आमच्या सरपंचाला त्याचं वाईट वाटायचं. हे मी खोटं लिहीत नाही. दुसऱ्या गावांत मोठे लोक येऊन गेले, आपल्याकडं कोणी येत नाही, असं तो पारावर बोलायचा.

अशात वयनीचा धाकटा गेला. गजानन. तिघांतला कामाचा तोच. त्याची बायको वंदना यवतमाळला डी.एड. करत होती, दुसरं वर्ष. आठवडाभर तिकडं राहायची, रविवारी यायची. पोरगी वर्षाची, ती आजीजवळ. गावात हसत होते, गजाननाची बायको पळून जाईल म्हणून. गजानन म्हणायचा, “पळाली तं मास्तरीन होऊन पळीन. माझंच नाव होईन.”

कार्तिक होता, गव्हाची पेरणी तोंडावर आली होती. विहिरीतल्या मोटरीच्या पाइपाला तळाशी जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याला आम्ही फुटबॉल म्हणतो, त्यात कचरा अडकून पाणी येईना. तो साफ करायला गजानन सकाळी एकटाच उतरला. विहिरीला कठडा नव्हता, पायऱ्यांना शेवाळ होतं. पोराला पोहता येत नव्हतं. दुपारपर्यंत घरी आला नाही म्हणून पाहायला गेलो, तर त्याच्या चपला काठावर आणि सदरा बाभळीला टांगलेला.

दोर बांधून मी उतरलो. तेव्हा माझी साठी जवळ आली होती, पण दुसरं कोणी उतरायला तयार नव्हतं. गाळात हाताला लागला. उजवी मूठ घट्ट आवळलेली आणि मुठीत पक्कड.

वरून सरपंच वाकला आणि हळूच म्हणाला, “नामदेवकाका, हातात काही असलं तं वर नका आनू. समजलं ना?”

मला समजलं. त्या दिवसांत विहिरीत सापडलेल्या माणसाबद्दल सगळे एकच धरून चालायचे. पक्कड नसली तर गजाननानं उडी घेतली असं झालं असतं, आणि मग सरकारी मदत येणार, वंदनाचं शिक्षण पुरं होणार. मला वाटलं, मी वयनीचंच काम करतो आहे. मी पाण्यात उभा राहून त्या पोराची बोटं एकेक करून उघडली आणि पक्कड धोतराच्या खोच्यात घातली. असं मी केलं.

वयनी रडली नाही. गजाननाला ओसरीत ठेवला तेव्हा त्याचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि फार वेळ पाहत राहिली. मला वाटलं, माय आहे, पाहणारच.

पंधरा दिवसांनी चौकशीला माणसं येणार असं ठरलं. तालुक्याचे साहेब, त्यांच्यासोबत एक पुढारी, फोटोवाला. गजाननानं उडी घेतली असं सांगायला थोरला आणि मधला तयार झाले होते. वयनीला एवढंच सांगितलं की सांत्वनाला येत आहेत. आदल्या आठवड्यात सरपंच माझ्याकडं आला.

“काका, एक अडचन हाये. वंदना रडतच नाई.”

ते खरं होतं. वंदना भिंतीशी पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. पान उलटत नव्हती. लेकराला पाजायची, परत पुस्तक घ्यायची. डोळे कोरडे.

“साहेबायले पटलं पायजे ना,” सरपंच म्हणाला. “तुमी येवढे राणी झाले. पोरीले जरासं सांगा.”

आणि मी सांगितलं. चार दुपारी, गोठ्यात. नवरा मेलेल्या पोरीला मी दुःख कसं करायचं ते शिकवलं. भिंतीला टेक. डावा हात भुईवर. तोंड उघड, आवाज उशिरा येऊ दे. ती सांगितलं तसं करत गेली. एकदाच म्हणाली, “काका, हे केल्यानं कॉलेज सुटनार नाई ना?” मी म्हणालो, “त्याच्यासाठीच तं.”

साहेब आले. ओसरीत खुर्च्या टाकल्या, लाकडी टेबल आणलं, सगळं गाव अंगणात. वंदना आली, भिंतीला टेकली. वयनी कोपऱ्यात नातीला मांडीवर घेऊन बसली होती. साहेबांनी कागद काढून विचारलं, “त्या दिवशी घरातून जाताना ते काही बोलले होते का?”

वंदनानं इकडं तिकडं पाहिलं. डावा हात सावकाश भुईवर ठेवला. तोंड उघडलं. फोटोवाला पुढं सरकला.

मी वयनीकडं पाहिलं. तिनं नाकाला पदर लावला होता.

“साहेब,” ती म्हणाली, “लिहिनं थांबवा. हे सोंग माझं हाये.”

“म्हणजे काय, बाई?”

“मीच बसवलेलं हाये. लय वर्सं झाली. तिचा डावा हात पाह्यला ना तुमी? तो तसा ठेवाले मीच सांगतलं होतं. पन दंडारीतल्या राणीले. माझ्या सुनेले नाई.”

सरपंच मध्ये पडला. “साहेब, मोठ्या वयनी दुखात हायेत, त्यायचं डोकं जरा...”

“तू गप रे. तुया शेंबूड मी पुसला हाये.” मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, “भाऊजी, पक्कड आना.”

“कोनती पक्कड?” मी म्हणालो. हे दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

“गजू सकाळी खुंटीवरून घेऊन गेलता ते. माझ्या पोराची बोटं मुठीवानी वाकलेली होती अन् मधात काहीच नव्हतं. तुमी त्याले वर आनलं. आना.”

मी अंगणातून चालत माझ्या घरी गेलो. माणसं बाजूला होऊन वाट देत होती. गव्हाच्या कोठीतून पक्कड काढली आणि आणून साहेबांच्या कागदांवर ठेवली. तिला गंज चढला होता.

“हातात पक्कड घेऊन कोनी जीव द्याले जाते का, साहेब?” वयनी म्हणाली. “त्याले गहू पेराचा होता. फुटबॉल साफ कराले उतरला, पाय सरकला. तसंच लिहा.”

पुढारी गोड आवाजात म्हणाला, “माताजी, नियमात बसलं असतं तर तुमच्याच सुनेच्या शिक्षणाला मदत झाली असती.”

“ज्यायच्या घरी तसं झालं त्यायच्या ओसरीत मी जाऊन बसलो हाये. त्यायचं दुख पाह्यलं. त्यायच्या पंगतीत मी खोटं ताट कायले मांडू?”

साहेबांनी तसं लिहिलं. गाड्या गेल्या. आणि गाड्या वळणावर गेल्यावर वंदना रडली. कसलाही हात भुईवर न ठेवता, नाक गळत, उचक्या लागत, लेकरू भिऊन रडायला लागेल असं. फोटोवाला असता तरी त्याच्या कामाचं नव्हतं ते रडणं. वयनी तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर थापा मारत राहिली, बाळाला ढेकर आणताना मारतात तशा.

त्या दिवशी घर फाटलं. थोरला म्हणाला, “माय, हातातोंडाशी आलेलं तुनं घालवलं. आता हिच्या कॉलेजाचं तूच पाह्य.” वयनी म्हणाली, “पाह्यतो.” एवढंच.

आठव्या दिवशी ती घर सोडून निघाली. वंदना, नात, एक ट्रंक, एक स्टोव्ह. ज्या घरात तिनं चाळीसएक वर्षं हुकूम चालवला, तिथून निघताना तिनं कोणाला काही आवरून ठेवायला सांगितलं नाही. फाट्यावर बस आली. मी तिथं उभा होतो. ट्रंक उचलायला पुढं झालो, तर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नाकाला पदर लावला. ट्रंक कंडक्टरनं चढवली. बस आली तेव्हा धूळ उडाली होती, म्हणून तिनं पदर लावला असेल, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

यवतमाळला लोहारा नावाच्या भागात तिनं एक खोली घेतली. तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांना डबे करून द्यायची. साठीतली बाई, जिच्या हाताखाली दोन सुना होत्या, ती पहाटे उठून परक्यांच्या पोळ्या लाटायची. आमच्या गावचा एक पोरगा तिथं कामाला होता, तो सांगायचा, आजी डबा देताना विचारते, पेपर वाचला का, आणि नाही म्हटलं तर म्हणते, घाण. वंदना डी.एड. झाली. बरीच वर्षं इकडं तिकडं तात्पुरती शिकवत होती, मग बोरी अरबजवळ एका शाळेत कायम लागली. वयनी तिच्यासोबतच राहिली. शाळेच्या गॅदरिंगला पोरांची नाटकं ती बसवायची असं ऐकलं. पोरी पोरींची कामं करायच्या, तिनं ते पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

गावात दंडारीची पोरं पुढच्या दिवाळीला माझ्याकडं आली, राणीचं काम कोणाला तरी शिकवा म्हणून. मी हाकलून दिलं. त्यानंतर दंडार झाली नाही. थोरला आणि मधला तिच्याकडं कधी गेले ते मला माहीत नाही. आता मेल्यावर तिच्या नावाच्या आधी ‘आत्महत्याग्रस्त’ लावून मत मागायला मात्र दोघंही पुढं. जे खोटं तिनं जिवंतपणी साहेबांच्या हातातून खोडून घेतलं, ते त्यांनी तिच्याच फोटोखाली रंगवलं. म्हणून लिहितो. गजानन पडला. त्यानं उडी घेतली नाही. त्याला वर मी काढलं आहे, मला विचारा.

तिची माझी शेवटची भेट दोन वर्षांमागची. बोरी अरबला एका लग्नाला गेलो होतो. जेवण झालं, बसला वेळ होता. पाय आपोआप तिकडं वळले असं म्हणणार नाही, मी पत्ता विचारत विचारत गेलो. इतक्या वर्षांत गेलो नव्हतो. माफी मागायला गेलो का? नाही. मला ते येत नाही. नुसतं जाऊन उभा राहिलो.

दोन खोल्यांचं घर, दारात उंच ओटा. वयनी ओट्यावर बसली होती, पार वाळून गेलेली, पण पाठ ताठ. शेजारी एक अठराएक वर्षांची पोरगी मोठमोठ्यानं काही वाचून दाखवत होती. वयनीनं मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. पोरीचं वाचणं हातानं थांबवलं. मी दोन पायऱ्या चढून ओट्याच्या काठाशी उभा राहिलो. म्हणालो, “वयनी.”

ती पोरीला म्हणाली, “हे नामदेव आजोबा. आपल्या गावचे. तुया बापाले विहिरीतून यायनंच वर आनलं. दुसरं कोनी उतरत नव्हतं. पाया पड.”

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. बाकीचं तिला माहीत होतं की नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. डोळे गजाननाचे.

“राहू दे, राहू दे,” मी म्हणालो.

ती वाकली. मी पाय मागं घेतले. तिचा हात पुढं आला, मी आणखी मागं सरकलो, आणि मागं ओटा संपला होता. तोल गेला. त्या पोरीनंच झटकन माझं मनगट धरून मला वर ओढलं.

“सांभाळून जी, आजोबा,” ती म्हणाली.

मी सावरून ओट्यावर नजर फिरवली. वयनी तोवर आत गेली होती.